गाडीचं ब्रेक ऑइल घरी बदललं, त्याची नोंद



आज पिकाचं काही नाही. पाऊस दोन दिवस उघडलाय पण रानात वापसा नाही, टोमॅटोच्या सरीत पाय टाकला की घोट्यापर्यंत आत जातो. असा मोकळा दिवस मिळाला म्हणून घरच्या छोट्या गाडीचं ब्रेक ऑइल बदलून टाकलं. तुम्ही म्हणाल हे शेतीच्या पानावर कशाला? आपल्यातल्या निम्म्या लोकांचा माल घाट उतरून जातो. आमच्या ओतूर-जुन्नर पट्ट्यातून कल्याणला जायचं तर माळशेज उतरावाच लागतो. औषध किती मिली, खत किती किलो, हे आपण रोज एकमेकांना विचारतो. ब्रेकच्या डबीत काय आहे ते मात्र कुणी विचारत नाही.

आधी हे तेल काय असतं ते सांगतो. नावाला ऑइल, पण ते इंजिन ऑइलच्या जातीचं नाही. ग्लायकॉलच्या कुळातलं रसायन आहे आणि पाण्यात विरघळतं. पायाने पेडल दाबलं की मास्टर सिलेंडरमधून दाब निघतो, नळीतल्या तेलातून चाकापर्यंत जातो, आणि तिथला पिस्टन पॅडला ढकलतो. द्रव दाबला जात नाही म्हणून हे जमतं. हवा किंवा वाफ मात्र दाबली जाते. मोटरच्या सक्शनमध्ये हवा धरली की पंप नुसता फिरतो आणि पाणी उचलत नाही, तसंच पेडलचं होतं. पाय खाली जातो, चाकाला काही कळत नाही.

आता ह्या तेलाची खोड. ते हवेतली ओल ओढतं. पावसाळ्यात युरियाची गोणी तोंड उघडी ठेवली तर काय होतं ते आपल्याला सांगायला नको. ब्रेक ऑइलचं तसंच, फक्त गोळे दिसत नाहीत. डबीच्या झाकणाला श्वास घ्यायची जागा असते, चाकाजवळचे होज पाईप रबरी असतात, तिथून थोडी थोडी ओल वर्षानुवर्षं आत जाते. एका अर्थाने हा गुणच आहे. तेलाने पाणी पोटात घेतलं नसतं तर पाण्याचा थेंब वेगळा राहून चाकापाशी खाली बसला असता, तिथे गंज धरला असता आणि शंभर अंशालाच उकळला असता. पण पोटात घ्यायलाही मर्यादा आहे. डॉट ३ प्रतीचं नवं कोरडं तेल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये असा नियम आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी गेलं की हाच आकडा १४० वर येतो. डॉट ४ चा कोरडा २३०, ओला १५५. म्हणजे शंभर मिलीत चार मिलीसुद्धा पाणी नाही, तरी डॉट ३ चे पासष्ट अंश गेले.

एवढं तापतंय कुठे, असं मलाही वाटायचं. मुलगी बारावी सायन्सला आहे, तिने वहीवर हिशोब मांडून दाखवला. हजार किलोची गाडी पाचशे मीटर खाली उतरवायची आणि सगळा भार ब्रेकवरच घ्यायचा, तर जी उष्णता तयार होते तेवढ्यात साधारण पंधरा लिटर पाणी नळाच्या गारव्यापासून उकळीपर्यंत येईल. पंधरा लिटर म्हणजे आपला एक मोठा हंडा. थोडा भाग वाऱ्यावर जातो, इंजिन ओढून धरतं ते वेगळं. तरी हंडाभर पाणी उकळवणारी आग चार चाकांच्या तळहाताएवढ्या पॅडमध्ये आणि लायनरमध्ये, आणि त्याला लागूनच हे तेल. गाडीत टोमॅटोचे क्रेट भरले तर हंडे वाढवत जा.

हे सगळं मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. गेल्या आषाढात मोठी बहीण, आमची अक्का, तिला डोळे दाखवायला कल्याणला नेत होतो. माळशेजमध्ये धुकं, पुढे पर्यटकांच्या गाड्यांची रांग, दर पन्नास पावलांवर ब्रेक. अर्धा घाट उतरल्यावर पेडल मऊ लागायला लागलं. ओला स्पंज दाबावा तसं. पुढच्या वळणाला ते निम्म्याच्या खाली गेलं तेव्हा मी दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी डाव्या हाताला रुंद जागेत घेतली आणि उभी केली. अक्का म्हणाली, "का रे थांबलास?" म्हणलं, "अक्का, धबधबा बघू." तिला त्या डोळ्यांनी धबधबा कितपत दिसला माहीत नाही, पण ती आनंदाने काच खाली करून बसली. पाऊणेक तास थांबलो. माझे हात स्टिअरिंगवरून निघत नव्हते. मग पेडल दाबून पाहिलं तर कडक, जसं काही झालंच नव्हतं. तेल निवलं, वाफेचं परत तेल झालं. उरलेला घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरवर उतरलो.

ह्या आजाराची हीच खोच आहे की गाडी गॅरेजला नेईपर्यंत तो बरा झालेला असतो. ही गाडी मी दुसऱ्याकडून घेतलेली. घेतली तेव्हाच एका गॅरेजला दाखवून ब्रेक ऑइल बदला म्हणून सांगितलं होतं. त्यांनी डबी बघितली, दोन बोटं नवं तेल वरून ओतलं आणि म्हणाले, लेव्हल बरोबर आहे, बदलायची गरज नाही. घाटातल्या प्रकारानंतर परत गेलो. पेडल दाबलं, कडक लागलं, म्हणाले काही नाही काका, तुमचा भास असेल. आता वरून ओतण्याबद्दल सांगतो. डबी, पाईप, सिलेंडर मिळून जे जुनं तेल आहे त्यातलं चाकाजवळचं तेल वरून ओतल्याने बदलत नाही. ते तिथेच बसून राहतं, आणि नेमकं तेच सगळ्यात जास्त तापतं. आणि डबीतली पातळी खाली गेली तर आधी पॅड बघायचे. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतो, त्याच्या मागे तेल भरतं, म्हणून डबीत कमी दिसतं. पॅडही शाबूत असतील तर कुठेतरी गळती आहे. दोन्ही वेळेला वरून ओतणं म्हणजे मूळकूज सोडून पानावर फवारा.

मग ठरवलं, घरीच करायचं. पण सगळ्यांनी घरी करावं असं मी म्हणत नाही. ज्याने कधी चाक खोललं नाही, पाना कुठल्या बाजूला फिरवला की सुटतो हे ज्याला आठवून बघावं लागतं, त्याने चांगला मिस्त्री गाठावा आणि समोर उभं राहून करून घ्यावं. एबीएस असलेल्या गाडीत डबी चुकूनही रिकामी होऊ देऊ नका. त्या युनिटमध्ये हवा शिरली तर काही गाड्यांना ती काढायला कॉम्प्युटर लावावा लागतो. आमची जुनी, एबीएस नसलेली गाडी आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम.

सामानात अर्ध्या लिटरच्या दोन सीलबंद बाटल्या आणल्या. झाकणावर जे लिहिलंय तेच घ्यायचं, आमच्या डबीच्या झाकणावर डॉट ३ कोरलंय. डॉट ३ च्या जागी डॉट ४ बहुतेक गाड्यांत चालतं, दोन्ही एकाच कुळातले. पण डॉट ५ म्हणून जे मिळतं ते सिलिकॉनचं, ते ह्यात मिसळायचं नाही. दुकानदाराने फोडलेल्या बाटलीतलं सुटं तेल तर फुकट दिलं तरी घेऊ नका, वर युरियाच्या गोणीचं सांगितलंय. आणि एक गोष्ट दोनदा वाचा. ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑइल, स्टिअरिंगचं ऑइल, इंजिन ऑइल, ह्यातलं काहीही गाडीच्या ब्रेकच्या डबीत जाता कामा नये, चमचाभरसुद्धा. आतली रबरं त्याने फुगतात आणि मग मास्टर सिलेंडरपासून चाकापर्यंत सगळं बदलायची पाळी येते. आपल्या घरात असले डबे एकाच फळीवर असतात आणि नाळकं पण एकच असतं, म्हणून सांगतो.

बाकी सामान साधं. माशांच्या टाकीला हवा सोडतात ती पारदर्शक नळी हातभर, एक रिकामी बाटली, नवी मोठी सिरिंज, जॅक, दोन स्टँड आणि पाना. निप्पलला बहुतेक आठ किंवा दहा नंबर लागतो. पाना सहा कोन्यांचा घ्या. बारा कोन्यांचा रिंग पाना गंजलेल्या निप्पलवरून सरकतो आणि कोपरे खातो. चारही निप्पलवर आदल्या संध्याकाळी गंज सोडवायचं तेल थेंब थेंब सोडून ठेवलं होतं. ते ड्रमच्या आत किंवा डिस्कवर जाऊ द्यायचं नाही.

गाडी सपाट फरशीवर घेतली, जे चाक उचलायचं नाही त्याला पुढून-मागून दगड लावले, गिअरमध्ये टाकली. मागच्या चाकांचं काम करताना हँडब्रेक सोडलेला असतो म्हणून दगड पाहिजेतच. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नका, विटांच्या चवडीवर तर अजिबातच नको. वीट भार घेता घेता एकदम फुटते.

आधी डबीच्या झाकणाभोवतीची धूळ ओल्या फडक्याने पुसून, कोरडं करून मग झाकण उघडलं. सिरिंजने डबीतलं जुनं तेल ओढून काढलं, तळाला थोडं राहू दिलं आणि नवं भरलं. असं केलं की डबीतलं काळं पाणी परत सगळ्या पाईपातून फिरवावं लागत नाही.

मग चाकं. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, मास्टर सिलेंडरही त्याच बाजूला, म्हणून सगळ्यात लांबचं चाक मागचं डावं. तिथून सुरुवात, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. ठिबकचं सबमेन धुताना आपण टोकाचा फ्लश व्हॉल्व्ह उघडतो, तसं. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, गाडीचं पुस्तक असेल तर त्यात बघा.

हे काम दोन माणसांचं. एक पेडलवर, एक चाकापाशी. पेडलवर आमच्या घरच्या बसल्या. क्रम असा आहे: तिने पेडल दाबायचं आणि दाबून धरायचं. मी निप्पल पाव आट्याने ढिला करायचा. तेल नळीतून बाटलीत येतं, पेडल खाली जातं. ते खाली असतानाच मी निप्पल बंद करायचा. मग तिने पाय उचलायचा. निप्पल उघडा असताना पाय उचलला तर तेल जातं त्याच वाटेने हवा आत येते. म्हणून नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या नव्या तेलात बुडवून ठेवायचं, म्हणजे चुकून झालं तरी आधी तेल ओढलं जाईल.

पहिल्याच फेरीला भाषेची अडचण आली. मी म्हणलं "सोडतो", म्हणजे निप्पल. तिने पाय सोडायच्या बेतात आणला. "सोड" हा शब्द दोघांच्याही कामाचा निघाला. म्हणून तो बंदच केला. मी "दाब" म्हणायचं, तिने दाबून "दाबलं" म्हणायचं. मी बंद करून "उचल" म्हणायचं, तिने "उचलला" म्हणायचं. तिने उत्तर दिल्याशिवाय मी पान्याला हात लावायचा नाही. ही दुसरी अट तिने घातली, आणि बरोबर घातली. मधे एकदा म्हणाली, "अहो, लग्नाला एवढी वर्षं झाली, मी खुर्चीत आणि तुम्ही जमिनीवर, हे आजच." शेजारचे दादा बांधावरून बघत होते, त्यांना वाटलं भांडण चाललंय.

पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवला होता, दोन इंचांचा. जुन्या गाडीत हे करावं. रोजच्या चालवण्यात पेडल पूर्ण तळाला जात नाही, त्यामुळे मास्टर सिलेंडरचा पुढचा भाग वापरात नसतो आणि तिथे गंज किंवा गाळ धरलेला असू शकतो. रबर एकदम तिथपर्यंत ढकललं तर फाटतं. मग ब्रेक ऑइल बदलायला गेलो आणि मास्टर सिलेंडर घेऊन बसलो असं होतं.

मागच्या डाव्या चाकातून जे पहिलं तेल आलं ते बिनदुधाच्या चहासारखं होतं, त्यात बारीक काळे कण. चार-पाच दाबानंतर तांबूस, मग फिकट होत होत नव्या करडईच्या तेलासारखं पिवळसर. नळी पारदर्शक असण्याचा हा फायदा, बुडबुडेही दिसतात. दर आठ-दहा दाबांना डबीत डोकावून नवं ओतायचं. डबी रिकामी झाली तर हवा वरूनच शिरते आणि पहिल्यापासून सुरुवात. ही राखण मुलीकडे दिली होती.

मागचा उजवा निप्पल अडून बसला. इथे घाई नको. तो पोकळ असतो, जोर लावला की मुळातून तुटतो. परत तेल सोडलं, चहा प्यायलो, पान्याच्या दांड्याला हातोडीचे हलके टोले दिले. पाऊण तासाने टक् करून सुटला. नसता सुटला तर त्याच दिवशी तसाच ठेवून मिस्त्रीकडे नेला असता. बंद करताना पण निप्पलला ट्रॅक्टरच्या चाकाचा नट समजू नका, आवळल्याचं हाताला लागलं की पुरे.

चारही मिळून पाऊण लिटरभर निघालं. शेवटी डबी कमाल खुणेपर्यंत भरली, झाकण लावलं, इंजिन चालू करून पेडल मिनिटभर जोराने दाबून धरलं आणि मुलीने चारही निप्पल कोरड्या कागदाने पुसून बघितले. ओल नाही. चाकांचे नट समोरासमोरचे आवळले. मग घरासमोरच्या खळ्यात चालत्या माणसाच्या वेगाने दहा वेळा ब्रेक मारून बघितला, नंतर गावच्या रस्त्याला. पेडल आता वरच धरतंय.

रंगाबद्दल एक सांगून ठेवतो. काळं तेल म्हणजे बदलायला झालं हे खरं, पण पिवळं दिसलं म्हणजे चांगलं असं नाही. पाणी दिसत नाही. पेनसारखा एक टेस्टर मिळतो, तो तेलातून वीज किती वाहते त्यावरून ओल सांगतो. आपला ईसी मीटर साधारण त्याच तत्त्वावर चालतो, कृषीवाल्यांना लगेच कळेल. अंदाजाला ठीक, पण खरा हिशोब तारखेचा. बहुतेक गाड्यांच्या पुस्तकात दोन वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर दिलेलं असतं. किलोमीटर कमी झाले म्हणून तेलाने ओल ओढायचं थांबवलेलं नसतं. गोठ्यात वर्षभर उभ्या असलेल्या गाडीचंही तेल जुनंच. आणि डिस्क ब्रेकच्या मोटारसायकलीत पण हेच तेल असतं, हँडलवरच्या छोट्या डबीत. दिवसभर बांधाबांधाने फिरणाऱ्या कृषी सहाय्यकांनी आणि औषध कंपन्यांच्या पोरांनी तेवढं बघून घ्या.

सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, हे तेल गाडीचा रंग उचलून काढतं. हाताला हातमोजे घाला. निघालेलं जुनं तेल बांधावर, गटारीत, विहिरीच्या कडेला ओतू नका. विषारी आहे, जनावरांच्या, कुत्र्याच्या तोंडी जाऊ देऊ नका. रिकाम्या पाण्याच्या बाटलीत तसंच भरून ठेवणं तर सगळ्यात वाईट. आपल्या गावांत औषधं तशी ठेवून काय काय झालंय ते सगळ्यांना माहीत आहे. मी बाटलीवर खडूने नाही, मार्करने "ब्रेकचं खराब तेल" लिहिलं, बूच घट्ट केलं आणि गॅरेजच्या टाकाऊ मालात वेगळं देऊन आलो.

नवं तेल म्हणजे घाट आपलाच झाला असं नव्हे. उतारावर गाडी न्यूट्रल करून, काही जण तर किल्ली बंद करून सोडतात, डिझेल वाचतं म्हणून. इंजिन बंद झालं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, त्यानंतर पेडल दगडासारखं लागतं आणि गाडी थांबत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, दाबा, वेग उतरवा, सोडा. ट्रॅक्टरवाल्यांनी रस्त्याला लागायच्या आधी दोन्ही ब्रेक पेडलची कडी जोडा. उसाच्या हंगामात ट्रॉली उलटलेल्या बघितल्यात आपण.

खर्च तेलाचे चार-पाचशे आणि नळी-सिरिंजचे शंभरच्या आत. वेळ मात्र चार तास गेला, त्यातला एक तो उजवा निप्पल. परवा अक्काला दुसऱ्या तपासणीला घेऊन गेलो. घाट उतरून सपाटीला गाडी बाजूला घेतली आणि पेडल दाबून बघितलं, वरच होतं. अक्का म्हणाली, "इथे कुठला धबधबा?"

आता पिकअपचं राहिलंय. त्याच्या मागच्या एका चाकाच्या आतल्या बाजूला ओलसर डाग दिसतोय, म्हणजे नुसतं तेल बदलून भागणार नाही, व्हील सिलेंडरची किट लागेल. दोन दिवसांत तोडा आहे, त्याच्या आत उरकतो. तोपर्यंत माल शेजाऱ्याच्या गाडीतून जाईल.